वाचलेल्यांची गोष्ट पुढे सांगायची असेल तर

जर्मनीत आखेनला मास्टर्ससाठी आले तेव्हा होलोकॉस्टबद्दल, म्हणजे हिटलरच्या राजवटीनं केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल, माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या. शाळेच्या इतिहासातल्या चार ओळी आणि मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा. मिरजेला आमच्या एका कडक बाईंना आम्ही पाठीमागे 'हिटलर' म्हणायचो आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटायचं नाही. दोन वर्षांनी मी कोलोनच्या एका शाळेत चौदा वर्षांच्या मुलांपुढे उभी राहून एका बाईंची गोष्ट सांगत होते. या ज्यू बाई लहानपणी बेल्जियमच्या एका कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या मठात, खोट्या नावानं लपून राहिल्या आणि वाचल्या. या दोन टोकांच्या मध्ये मी बऱ्याच ठिकाणी तोंडावर पडले. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये, इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या किंवा भारतात बसून हे काम करू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना तरी पडावं लागू नये, म्हणून हे लिहितेय.

घाई का, तर साक्षीदार संपत चाललेत. क्लेम्स कॉन्फरन्स या ज्यू संस्थेनं जानेवारी २०२४मध्ये जाहीर केलं तेव्हा जगभरात होलोकॉस्टमधून वाचलेले साधारण २ लाख ४५ हजार ज्यू हयात होते, आणि त्यांचं मध्यवय ८६ होतं. होलोकॉस्टमधून वाचलेल्या मार्गोट फ्रीडलेंडर ८८व्या वर्षी अमेरिकेतून बर्लिनला कायमच्या परतल्या आणि शाळाशाळांतून बोलत राहिल्या. ९ मे २०२५ला, १०३व्या वर्षी त्या गेल्या. आम्ही आता फार काळ साक्षीदार राहणार नाही, पुढचे साक्षीदार तुम्ही व्हायचंय, असं त्या मुलांना सांगायच्या.

जर्मनमध्ये प्रत्यक्ष साक्षीदाराला 'त्साइटत्सॉयगे' म्हणतात, म्हणजे त्या काळाचा साक्षीदार. त्याच्या तोंडून ऐकून पुढे सांगणारा तो 'त्स्वाइटत्सॉयगे', दुसरा साक्षीदार. फरक एका 'व'चा. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे हेळवी येतात, दुसऱ्यांच्या घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ ठेवून दारात म्हणून दाखवतात. मला हे काम पहिल्यांदा कळलं ते तसंच.

१. एकच माणूस धरा

सुरुवातीला मी तीन महिने नुसती वाचत सुटले आणि हाती काही लागलं नाही. साठ लाखांची गोष्ट सांगता येत नाही. एकाची येते. ती मिळवायचे तीन रस्ते आहेत.

पहिला, हयात व्यक्तीला भेटणं. हे स्वतःच्या ओळखीनं करू नका, संस्थेमार्फत करा. जर्मनीत 'त्स्वाइटत्सॉयगन' याच नावाची संस्था तरुणांना यासाठी तयार करते. शहरोशहरची स्मृतिकेंद्रं आणि ज्यू समाजाच्या संस्थाही मदत करतात. फोन नंबर शोधून थेट घरी फोन लावणं हा उद्धटपणा समजला जातो, आणि तो आहेच.

दुसरा, रेकॉर्ड केलेली साक्ष. स्टीव्हन स्पिलबर्गनं १९९४मध्ये सुरू केलेल्या शोआ फाउंडेशनकडे ५५ हजारांहून जास्त मुलाखती आहेत. त्यांतल्या काही नोंदणी करून घरबसल्या बघता येतात, बाकीच्या ठरावीक विद्यापीठांत आणि संग्रहालयांत. भारतातून काम करणार असाल तर हाच रस्ता सोयीचा. मुलाखत तुकड्यातुकड्यांत बघू नका, एकदा तरी सलग बघा. मध्येच पाणी पिणं, शब्द अडणं, मागच्या खोलीतून आलेला घड्याळाचा ठोका, हे सगळं नंतर सांगताना उपयोगी पडतं.

तिसरा, जो वाचला नाही त्याची गोष्ट कागदांवरून जुळवणं. हा सगळ्यात अवघड. पहिल्याच खेपेला याच्या नादी लागू नका.

२. इतिहासाचा सांगाडा पक्का करा

यासाठी पीएचडी लागत नाही. पण १९३३ (हिटलर सत्तेवर), १९३५ (न्यूरेंबर्गचे वंशकायदे), नोव्हेंबर १९३८ (सिनगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली ती रात्र), १९४१ (सोव्हिएत संघावर हल्ला आणि ज्यूंवर सामूहिक गोळीबार), जानेवारी १९४२ (ज्यूंच्या संहाराची आखणी झाली ती वान्झेची बैठक) आणि १९४५ हे टप्पे झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत.

आपल्याकडे सगळ्याच ठिकाणांना सरसकट 'छळछावणी' म्हणतात. तसं करू नका. दाखाउ ही छळछावणी. त्रेब्लिंका ही मृत्युछावणी, तिथं माणसं आणली जायची ती मारण्यासाठीच. आउशवित्झ दोन्ही होती. हातावर नंबर गोंदायची पद्धत फक्त आउशवित्झच्या छावण्यांत होती, त्यामुळे समोरच्या व्यक्तीच्या मनगटाकडे नजर टाकू नका. आणि 'पोलंडच्या छावण्या' असं कधीही म्हणू नका. त्या जर्मनीनं व्यापलेल्या पोलंडमधल्या, नाझींनी उभारलेल्या छावण्या होत्या. पोलिश माणूस या एका शब्दावर उठून जाईल.

कोल्हापूरकरांसाठी वेगळी सूचना. वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. 'हिटलरच्या छळातून वाचलेले ज्यू' म्हणून त्यांच्याबद्दल लिहिलेलं मी वाचलंय. ते चूक आहे. त्यांतले बहुतेक कॅथलिक होते आणि त्यांना स्टालिनच्या राजवटीनं सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलं होतं. त्यांची गोष्ट मोलाचीच आहे, पण ती दुसरी गोष्ट आहे. नाझींपासून पळून आलेले ज्यू खरे भेटतात ते मुंबईत. त्यांच्या मदतीसाठी तिथं १९३४मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली होती. आकाशवाणीची सकाळची धून ज्याच्या नावावर आहे तो वॉल्टर काउफमान प्रागहून मुंबईला आला तोही १९३४मध्येच. मुंबई-पुण्यात राहून काम करणार असाल तर इथून सुरुवात करा.

३. कागद शोधा, पण कागदाला फसू नका

बाड आरोल्सेन या जर्मन गावातल्या आरोल्सेन आर्काइव्हजमध्ये, म्हणजे नाझी छळाचे कागद जपणाऱ्या संग्रहात, सुमारे तीन कोटी कागद आणि पावणेदोन कोटी लोकांच्या नोंदी आहेत. बराचसा भाग इंटरनेटवर फुकट दिसतो. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकाकडे मारल्या गेलेल्यांच्या नावांची सूची आहे, आणि तिथे नातेवाइकांनी हातानं भरलेली साक्षीची पानंही वाचायला मिळतात. मला या दोन्ही ठिकाणी बाईंच्या आईचं नाव सापडलं. तिथून माझ्या चुका सुरू झाल्या.

कोलोनच्या एका यादीत आईच्या नावापुढे 'सारा' होतं. मी मोठ्या उत्साहानं भेटीत म्हणाले, तुमच्या आईचं मधलं नाव सारा होतं ना? बाईंनी शांतपणे सांगितलं, नव्हतं. १ जानेवारी १९३९पासून नाझींनी ज्यू बायकांना 'सारा' आणि पुरुषांना 'इझ्राएल' हे नाव लावायची सक्ती केली होती. म्हणजे छळणाऱ्यानं चिकटवलेलं नाव मी तिच्या मुलीला प्रेमानं परत ऐकवलं होतं. तुमच्या यादीत बाईच्या नावापुढे सारा दिसलं की थांबा. ते खरंच तिचं नाव होतं का ते जन्माच्या दाखल्यावरून बघा, तोवर उच्चारू नका.

आणखी काही खड्डे:

गावांची नावं. वुच हे पोलिश शहर जर्मन कागदात 'लिट्झमानश्टाट' होतं. लेम्बर्ग, ल्वुव, ल्विव हे एकच शहर. एकाच गोष्टीत तीन नावं आली की ऐकणाऱ्याला तीन गावं वाटतात. एक धरा आणि एकदाच खुलासा करा.

तारखा. जर्मन कागदावर आपल्यासारखा आधी दिवस येतो, अमेरिकन संकेतस्थळांवर आधी महिना. ५ ऑगस्टची ८ मे होते.

अक्षर. १९४१च्या आधीचे हस्तलिखित जर्मन कागद बहुधा कुरेंट लिपीत असतात. आजच्या तरुण जर्मनांनाही ती वाचता येत नाही, आपल्याला मोडी येत नाही तशीच. आर्काइव्हमध्ये एखादे निवृत्त गृहस्थ ती वाचून देणारे असतातच. त्यांना विचारा. त्यांना आनंदच होतो.

४. भेटीआधीची तयारी

सोबत काय घ्यायचं:

- संमतिपत्राच्या दोन प्रती, त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरात
- स्वतःचं ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र
- रेकॉर्डर, शिवाय मोबाइलवर दुसरं रेकॉर्डिंग. चार्जर आणि रिकामं मेमरी कार्ड
- पेन्सिल (जुने फोटो समोर असताना पेन नको) आणि कोरी वही
- त्यांच्या गावाचा जुना नकाशा, छापून
- जवळच्या नातेवाइकाचा किंवा देखभाल करणाऱ्याचा फोन नंबर
- पाण्याची बाटली आणि रुमाल. रुमाल स्वतःसाठी

जर्मनीत न विचारता आवाज रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे 'असू दे, नंतर सांगू' चालत नाही. संमतिपत्रात काय रेकॉर्ड होणार, कुठं ठेवणार, कोण ऐकणार, नाव पूर्ण लावायचं की अर्धं, फोटो इंटरनेटवर टाकायचे की नाहीत, आणि त्यांच्या पश्चात काय, या सगळ्याला वेगवेगळा चौकोन ठेवा. सगळ्यासाठी मिळून एकच सही घेऊ नका.

आता त्या 'कोऱ्या वही'बद्दल. वही मला आईनं मिरजेहून पाठवली होती. पहिल्या पानावर, आपल्याकडे असतं तसं, हळदकुंकवाचं स्वस्तिक आणि 'श्री'. मला ते दिसायचंच बंद झालेलं होतं, इतकं सवयीचं. बाईंच्या टेबलावर मी वही उघडली. त्यांनी हात पुढे करून ती मिटली. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, फक्त मिटली आणि खिडकीकडे बघत बसल्या. मी माझ्या जर्मनमध्ये समजावायला गेले: हे जुनं आहे, आमच्याकडे शुभ असतं, नाझींचं वाकडं असतं आणि हे सरळ. सगळं खरं होतं आणि त्या क्षणी सगळं निरुपयोगी होतं. त्यांना ते माहीतही होतं. पण डोक्याच्या आधी डोळ्यांना कळतं आणि डोळे सात वर्षांचे असतात, अशा अर्थाचं त्या नंतर काहीतरी बोलल्या. त्या दिवशी मुलाखत झाली नाही. आम्ही कॉफी प्यायलो आणि मी परत आले.

तेव्हा पिशवी, मोबाइलचं कव्हर, किल्ल्यांची साखळी, लाडवांचा डबा, देवीच्या जत्रेतून आणलेली कापडी पिशवी, सगळं तपासा. स्वस्तिकाचा आपला अर्थ सांगायला जगात भरपूर जागा आहे. ते टेबल त्यातलं नाही.

संबोधनाचंही तसंच. मी पहिल्या भेटीत लाडानं 'ओमा' म्हणाले, म्हणजे आजी. आपल्याकडे अनोळखी म्हातारीला आजी म्हटलं की माया वाटते. तिथं ते नातवंडांचं नाव आहे. 'फ्राउ' आणि आडनाव, आणि आदरार्थी 'झी'. एकेरीवर त्या स्वतः आणतील तेव्हाच यायचं. माझ्या बाबतीत अकरा महिने लागले.

५. ऐकणं

भेट दीड तासाच्या वर नेऊ नका. दोघांनी जा, एक विचारणारा आणि एक यंत्र बघणारा.

युद्धापासून सुरुवात करू नका. शाळा कुठं होती, घरात स्वयंपाक कोण करायचं, शेजारी कोण होते, हे आधी विचारा. बाई पहिले चाळीस मिनिटं कोलोनच्या घरातल्या जिन्याबद्दल बोलल्या. मी मनात तारखा मोजत होते, कधी बेल्जियम येतं म्हणून. नंतर गोष्ट लिहायला बसले तेव्हा सगळ्यात जिवंत तो जिनाच निघाला.

गप्प बसायला शिका. आपल्याला शांतता सोसत नाही, आपण लगेच 'हं, मग?' म्हणतो. दहापर्यंत मनात मोजा. बहुतेक वेळा आठ-नऊवर त्या स्वतःच पुढे बोलतात.

विचारू नयेत असे प्रश्न: 'तुम्ही त्यांना माफ केलंत का?', 'तुम्हीच कशा वाचलात?', 'पळून का नाही गेलात?' तिसरा प्रश्न सगळ्यात क्रूर आहे. बाईंचे आईवडील पळून गेलेच होते, १९३९मध्ये कोलोनहून बेल्जियमला. मे १९४०मध्ये जर्मन सैन्य तिथंही पोचलं. १९४२च्या शरदात दोघांना मेखलेनच्या दोसँ बराकीतून आउशवित्झला नेलं. त्या एका बराकीतून १९४२ ते १९४४ या काळात २५ हजारांहून जास्त लोक असेच गाड्यांत भरून पाठवले गेले.

१९४५ला गोष्ट संपवू नका. लपून वाचलेल्या मुलांना युद्धानंतर अनेक वर्षं 'तुम्ही तर छावणीत नव्हता, लहान होता, तुम्हाला काय आठवणार' असं सांगितलं गेलं. अशा मुलांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळावा न्यूयॉर्कला भरला तोच १९९१मध्ये, पोरं पन्नाशी-साठीला आल्यावर. बाईंना फ्रेंच कॅथलिक प्रार्थना अजून पाठ होत्या आणि आईनं म्हटलेलं एकही गाणं आठवत नव्हतं. हे त्यांनी मला चौथ्या भेटीत सांगितलं. म्हणून एका भेटीत गुंडाळू नका.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर तोंडावर दुरुस्ती करू नका. त्या म्हणायच्या कॉन्व्हेंटमध्ये गेले तेव्हा बर्फ होतं, नोंद सांगते सप्टेंबर. दोन्ही लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी फोन करा. पाचच मिनिटं. रात्री झोप लागली का, एवढंच विचारा. आदल्या दिवशी आपण काय उघडून ठेवून आलो ते त्यातून कळतं.

६. गोष्ट बांधताना पदरचं घालू नका

शाळेत वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. त्यात एक नकाशा, तीन फोटो आणि जास्तीत जास्त पाच नावं मावतात.

आपण बखरींवर आणि कीर्तनांवर वाढलेली माणसं. गोष्ट रंगवायची खोड हाडात असते. मी पहिल्या मसुद्यात आईचा निरोप घेतानाचा संवाद घातला होता, छान जमलाही होता. बाईंनी वाचला आणि विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? त्यांना तो निरोप आठवतच नव्हता, आणि खरी गोष्ट तीच होती. आता मी तिथं तेवढंच सांगते: आई काय म्हणाली ते तिला आठवत नाही. वर्गात सगळ्यात जास्त शांतता त्याच वाक्याला होते.

होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणारे लोक आहेत, आणि ते अशीच एखादी बनवलेली ओळ शोधत असतात. म्हणून 'मी' म्हणून त्यांच्या आवाजात बोलू नका, 'त्या सांगतात' म्हणा. एआयनं बनवलेली चित्रं अजिबात नकोत. २०२५मध्ये खोट्या कैद्यांची अशी चित्रं फेसबुकवर इतकी फिरली की आउशवित्झ स्मारकाला जाहीर इशारा द्यावा लागला. फोटो नसेल तर नसू दे. प्रेतांच्या ढिगांचे फोटोही वगळा. मुलं त्यानं घाबरतात किंवा निबर होतात, आणि त्या फोटोतल्या कुणाचीच परवानगी आपण घेतलेली नसते.

७. वर्गात उभं राहताना

जर्मन मुलांचे प्रश्न साधे असतात. खायला काय मिळायचं, मैत्रीण होती का, खोटं नाव अजून आवडतं का. इस्राएल-गाझाचा प्रश्नही येतो. तो टाळू नका, पण अशा वर्गात शिक्षक सोबत असू द्या, आणि तुम्ही कोणाची गोष्ट सांगायला आला आहात तेवढं स्पष्ट ठेवा.

सुट्टीत मी मिरजेला माझ्या मावसबहिणीच्या वर्गात मराठीतून हीच गोष्ट सांगितली. ते जास्त अवघड गेलं. आपल्याकडे हिटलरचं आत्मचरित्र फुटपाथवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. एक मुलगा उठून म्हणाला, पण शिस्त होती ना त्याच्याकडे. मी वाद घातला नाही. १५ नोव्हेंबर १९३८ला ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकायचा हुकूम निघाला, तेव्हा ही मुलगी सात वर्षांची होती, एवढं परत सांगितलं. थोड्या वेळानं मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, मग ती दिवसभर घरी काय करायची? तिथून पुढचा तास त्या मुलीच्या प्रश्नानं चालवला.

गोष्ट संपल्यावर मुलांना त्या व्यक्तीला पत्र लिहायला सांगा. मिरजेची चौतीस पत्रं मी भाषांतर करून कोलोनला नेली. त्यांतल्या एकात फक्त जिन्याचं चित्र होतं.

८. दगड

कोलोनच्या जुन्या टाउन हॉलसमोर १६ डिसेंबर १९९२ला गुंटर डेमनिग या कलाकारानं पहिला 'श्टोल्परश्टाइन', म्हणजे अडखळायला लावणारा स्मृतीचा दगड, बसवला. दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, वर पितळी पत्रा, त्यावर पुढे नाझींच्या बळींची नावं कोरली जाऊ लागली आणि ते त्यांच्या घरांसमोर बसू लागले. मे २०२३मध्ये त्यांची संख्या एक लाखावर गेली. नावावर पाय पडतो म्हणून मला सुरुवातीला फार कसंतरी व्हायचं. पण वाचायला वाकावं लागतं, आणि पाय पडून पितळ चकाकतं असं लोक म्हणतात. २७ जानेवारीला (आउशवित्झ मुक्त झाली तो दिवस) आणि ९ नोव्हेंबरला (१९३८मध्ये सिनगॉग जाळली गेली ती रात्र) हे दगड घासायला तरुणांची टोळकी निघतात. मऊ कापड आणि पितळेची पॉलिश लागते. तारेची घासणी नको. आपली चिंच आणि मीठही चालेल असं मला वाटलं होतं, पण आमच्या गटप्रमुखांनी नको म्हटलं.

९. शेवटी काय सोपवायचं

मूळ रेकॉर्डिंग, लिहून काढलेली मुलाखत, संमतिपत्र आणि फोटोंची यादी संस्थेकडे द्या. एक प्रत कुटुंबाला. तुमच्या लॅपटॉपवर राहील ती प्रत कधीही एकटी नसावी. फाइलच्या नावात तारीख आणि ठिकाण घाला, 'फायनल २' नको.

आणि संमतिपत्राची तुमची प्रत जवळ ठेवा. बाई या वसंतात गेल्या. त्यांच्या पत्रात 'वर्गात पूर्ण नाव सांगावं' या चौकोनात खूण आहे. 'इंटरनेटवर नाव द्यावं' हा चौकोन कोरा आहे, म्हणून इथं त्या नुसत्या 'बाई' आहेत.